संकेश्वरवरून परत: वळिवाच्या दुपारचा एक उड्डाणनिर्णय

हे प्रकरण बेळगावच्या सांबरा विमानतळावरून एकटीने उडालेल्या एका प्रशिक्षणार्थी मुलीचे आहे. यात अपघात नाही, विमानाला ओरखडासुद्धा नाही, त्यामुळे कुठल्या चौकशी अहवालात ते येणार नाही. पण वळिवाच्या दिवसांत धोका कसा जवळ येतो आणि निर्णयाची खरी वेळ कधी असते, हे हवामानाच्या वर्गात शिकवायला मला याहून चांगले उदाहरण मिळालेले नाही. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सगळ्या वेळा भारतीय प्रमाणवेळेच्या आहेत.

पार्श्वभूमी

सांबऱ्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. पूर्वेकडे तोंड केले की ती ०८, पश्चिमेकडे केले की २६. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २,४९० फूट. पश्चिमेला सह्याद्रीचा कडा आणि त्याखाली गोवा-कोकण, पूर्वेला गोकाक, यरगट्टी, रामदुर्गचा कोरडा पट्टा. कणकुंबी-जांबोटीत आठवडाभर ऊन दिसत नाही तेव्हा अथणीकडचा शेतकरी आभाळाकडे बघत बसलेला असतो. जिल्हा एक, हवा दोन. वळिवाच्या दिवसांत या दोन हवा बेळगावच्या डोक्यावर भेटतात.

जूनपासून ढग इतके खाली येतात की शिकाऊ विमाने दिवसचे दिवस जमिनीवर राहतात. व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतात, घरच्यांनी कर्ज काढलेले असते, आणि त्यामुळे एप्रिल-मेमध्ये ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य असते: पावसाआधी तास काढायचे. त्या दुपारी विमान उडाले त्यामागे या वाक्याचा हात किती होता, हे मोजता येत नाही. पण होता.

मुलगी खानापूर तालुक्यातली. नकाशावाचनात आणि रेडिओवर चांगली, थोडी अबोल. उड्डाण साधे होते: बेळगाव ते कोल्हापूरचे उजळाईवाडी विमानतळ, तिथे उतरायचे, परत यायचे. विमान सेसना १७२. अंतर एका बाजूने सुमारे ५२ सागरी मैल, म्हणजे साधारण ९६ किलोमीटर. पुणे-बेंगळुरू महामार्ग जवळजवळ सोबतच धावतो. कागल, निपाणी, तवंदीचा घाट, संकेश्वर, हत्तरगी, यमकनमर्डी, काकती. वाट चुकायची म्हटली तरी चुकणार नाही. संकेश्वर जवळपास मध्यावर.

त्या दिवशीचे हवामान

सकाळच्या हवामानपत्रकात विशेष असे काही नव्हते. मराठवाड्यापासून कर्नाटकाच्या अंतर्गत भागातून दक्षिणेकडे गेलेली द्रोणिका (कमी दाबाचा लांबट पट्टा), आणि दुपारनंतर काही ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस. एप्रिलच्या उत्तरार्धात हे वाक्य इतक्या वेळा येते की विद्यार्थी ते वाचतात, पण त्यांच्या डोक्यात ते शिरत नाही.

उड्डाण साडेआठचे ठरले होते. जमिनीवरच्या तपासणीत एका मॅग्नेटोवर (इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या यंत्रावर) इंजिनाचे फेरे मर्यादेपेक्षा जास्त पडले. विमान हँगरमध्ये गेले आणि दुरुस्त होऊन यायला साडेबारा वाजले. तिने १:४० ला उड्डाण केले तेव्हा वारा पूर्वेचा, मंद, पट्टी ०८. तापमान ३७, दवबिंदू १२.

दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते ते; हवा जितकी ओली, तितका तो वर. हा आकडा लक्षात ठेवा. तापमान आणि दवबिंदू यांच्यातल्या फरकाला ४०० ने गुणले की उष्णतेने वर चढणाऱ्या ढगाचा तळ जमिनीपासून किती फुटांवर असेल, याचा ढोबळ अंदाज येतो. २५ अंशांचा फरक म्हणजे १०,००० फूट. इतक्या कोरड्या हवेत ढग बनायला कष्ट पडतात.

तीन वाजताच्या निरीक्षणात वारा फिरला होता: पश्चिमेकडून १२ नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल). तापमान ३६, दवबिंदू १८. ही समुद्रावरची हवा, घाट चढून आलेली. बेळगावकरांना ती अंगणात बसवत नेणारी गार झुळूक म्हणून ठाऊक आहे, पण वैमानिकाने तिच्याकडे इंधन म्हणून बघावे. ढगाचा संभाव्य तळ दहा हजारांवरून ७,२०० फुटांवर आला, आणि पश्चिमेची ओली हवा पूर्वेच्या तापलेल्या कोरड्या हवेला जिथे भिडली, तिथे ती वर उचलली जाऊ लागली. निरीक्षण वाचताना लोक दृश्यमानता बघतात, ढग बघतात, वारा बघतात. दवबिंदू कोणी बघत नाही. सहा अंशांची उडी त्या दिवशीची सर्वांत मोठी बातमी होती, आणि ती छापील अक्षरांत सगळ्यांसमोर पडून होती.

अडचण

कोल्हापूरला ती २:२० ला उतरली. कागदपत्रे, पाणी, परतीच्या उड्डाणाची परवानगी यात तासभर गेला. त्या तासात दोन फोन झाले.

पहिला तिच्या मामांचा. त्यांची मारिहाळकडे वीटभट्टी आहे, सांबऱ्याच्या पूर्वेला. फोन दुसऱ्याच कामाचा होता, पण बोलता बोलता ते म्हणाले, "जरा गडबडीत आहे गं, आभाळ भरून यायलंय, कच्च्या विटांवर ताडपत्री घालायलोय." तिने ऐकले आणि सोडून दिले.

दुसरा तिने प्रशिक्षकांना केला. त्यांच्यासमोर अर्ध्या तासापूर्वीचे उपग्रहचित्र होते. गोकाकच्या पलीकडे एक पांढरा ठिपका, बाकी स्वच्छ. ते म्हणाले, "वारं पश्चिमेला फिरलंय, पट्टी २६ चालू आहे. एक मात्र आत्ताच ठरवून घे. पुढं यायचं की नाही, ते संकेश्वरच्या आत ठरव. पूर्वेला वीज दिसली, किंवा टॉवरनं वारा वीसच्या वर सांगितला, तर विचारत बसू नको, मागं फिर." ती म्हणाली, "हो सर."

मामांचे तिने सांगितले नाही. नंतर विचारले तेव्हा तिचे उत्तर प्रामाणिक होते: "सर, तो घरचा फोन होता. हवामानाचा नव्हता."

३:२० ला ती निघाली, ५,५०० फुटांवर. निपाणी ओलांडताना सगळे ठीक. संकेश्वरच्या थोडे अलीकडे, ३:३९ ला, डाव्या बाजूला गोकाकच्या दिशेने तिने पहिल्यांदा ढग नीट पाहिला. माथा पसरून ऐरणीसारखा झालेला, तळ काळा, तळाखाली पावसाचे पडदे, आणि ते पडदे जमिनीपर्यंत पोचत नव्हते. एकदा आत उजेड झाला. वीज होती.

तिने टॉवरला वारा विचारला. उत्तर आले: दोनशे सत्तर अंश, दहा नॉट. दृश्यमानता सहा किलोमीटर.

समोरचे पर्याय

तिच्यापुढे चार पर्याय होते. टाकीत दोन तासांहून जास्त पुरेल एवढे इंधन होते, म्हणजे निदान त्या बाजूने घाई नव्हती. इंधन कमी असते तर चारातले दोन आपोआप गळाले असते.

पहिला, सरळ पुढे जाणे. तेरा-पंधरा मिनिटांचा प्रश्न. सांबऱ्याला वारा शांत, पट्टी मोकळी, ढगाचा तळ तिच्या उंचीपेक्षा चार हजार फूट वर. नजरेने उडण्याच्या नियमांत पाच किलोमीटर दृश्यमानता आणि ढगापासून ठरावीक अंतर लागते. दोन्ही होते. कागदावर ती पूर्ण नियमात बसत होती. या प्रकरणातली सर्वांत फसवी गोष्ट तीच.

उंच तळाचा ढग खाली भरपूर मोकळी, स्वच्छ हवा ठेवतो. पण त्या कोरड्या हवेतून पडताना पावसाचे थेंब वाटेतच वाफ होतात, वाफ होताना हवा गार करतात, आणि गार झालेली जड हवा दगडासारखी खाली येते. जमिनीवर आपटली की ती चहूकडे पसरते. म्हणजे पाऊस जमिनीपर्यंत पोचत नाही हे धोका कमी असल्याचे लक्षण नव्हेच, वारा जोरात येणार असल्याचे आहे. असा अधोवाताचा झोत चार किलोमीटरहून लहान आणि काही मिनिटांचाच असतो, त्यामुळे विमानतळावरचे वाऱ्याचे यंत्र शांत असताना दोन मैलांवर तो चालू असू शकतो. १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाजवळ उतरताना कोसळलेल्या ईस्टर्न ६६ या विमानाच्या अभ्यासातून टेड फुजिता यांनी ही कल्पना मांडली, आणि अनेकांनी तेव्हा ती मानली नाही. १९८५ मध्ये डॅलसला डेल्टा १९१ गेले, तेव्हा वाद उरला नाही. ती जेट विमाने होती, मागे हजारो तासांचा अनुभव असलेली माणसे चालवत होती.

सांबऱ्यात याला आणखी एक पदर होता. पट्टी २६ वर उतरायचे तर अंतिम टप्पा पूर्वेकडून येतो. म्हणजे मारिहाळच्या बाजूने, थेट त्या ढगाच्या पुढ्यातून. पश्चिमेकडे तोंड करून येणाऱ्या विमानाला मागून तीस नॉटचा वारा लागला, तर ६५ नॉटच्या वेगातून तेवढे एकदम वजा होतात. उरलेल्या वेगावर सेसना उडत नाही. त्यात भर, उष्णतेने विरळ झालेली हवा. ३६ अंशांना सांबऱ्याची घनता-उंची, म्हणजे विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची, ५,८०० फुटांच्या आसपास जाते. पूर्ण जोर लावूनही हे विमान मिनिटाला पाचशे फूटसुद्धा चढत नाही, आणि खाली येणारा झोत त्याच्या कित्येक पट वेगाने येऊ शकतो.

दुसरा, पश्चिमेकडून वळसा. काकतीच्या पश्चिमेला, चंदगडच्या बाजूला आभाळ उजळ होते. वर्गात हे चित्र दाखवले की निम्मी मुले हाच पर्याय निवडतात. ढग पूर्वेला, मग आपण पश्चिमेने जावे, यात चूक काय? चूक ही की एका बाजूला वादळ आणि दुसऱ्या बाजूला घाट, अशा पट्ट्यात शिरल्यावर वळायला जागा उरत नाही. आणि शेवटी उतरायचे सांबऱ्यालाच.

तिसरा, संकेश्वरवर घिरट्या घालत थांबणे. एकटा ढग असेल तर तासाभरात त्याचा जोर ओसरतो, इंधन आहे, खाली महामार्ग आहे. हा पर्याय मी वाईट म्हणणार नाही. पण ढग पश्चिमेकडे सरकत होता, संकेश्वर त्याच्या वाटेपासून फार लांब नव्हते, आणि घिरट्या घालणारा माणूस दर फेरीला ढगाकडे बघून मनाशी सौदा करतो. नवशिक्याला एकटे असताना तो सौदा करायला लावू नये.

चौथा, कोल्हापूर. मागे, ओळखीचे, वीस मिनिटांपूर्वी स्वच्छ पाहिलेले. हुबळीचा विचार तिने क्षणभर केला आणि सोडला. मध्ये तेच वादळ होते.

काय केले

अट सरळ होती: वीज दिसली किंवा वारा वीसच्या वर गेला. वीज दिसली होती. तरी ती लगेच फिरली नाही. "वीज लांब होती, आणि वारा दहाच सांगितला," ती नंतर म्हणाली. जमिनीवर असताना जे 'किंवा' होते, ते हवेत गेल्यावर मनाने 'आणि' करून टाकले. ३:३९ पासून पुढची तीन मिनिटे ती सरळ उडत राहिली आणि संकेश्वर मागे टाकून हत्तरगीवर आली.

३:४२ ला रेडिओवर एका प्रवासी विमानाचा आवाज आला. पट्टी २६ च्या अंतिम टप्प्यात वाऱ्याचा कातरप्रवाह (वेग-दिशेतला अचानक बदल) लागला, उतरणे सोडून वर जात आहोत. टॉवरचा वारा त्या क्षणीही पश्चिमेचाच होता.

तिने उजवीकडे वळण घेतले. ढगापासून लांब जाणारे वळण, तेही मध्यम कलाचे. टॉवरला कळवले, उत्तरेकडे जाताना योग्य अशी ६,५०० फुटांची उंची धरली, कोल्हापूरला हाक दिली. त्यांनी वारा, पट्टी आणि दाब सांगितला. निपाणीच्या आसपास हवा खडखडली तेव्हा तिने वेग कमी करून विमान सांभाळले. ठरलेली उंची काटेकोर धरायचा हट्ट केला नाही, डोलणाऱ्या विमानाला थोडे डोलू दिले. हे शिकवलेले असते, पण एकटीने पहिल्यांदा करणे वेगळे. ४:०५ ला ती उजळाईवाडीला उतरली. बाजूचा वारा थोडा होता, तिच्या आवाक्यातला.

निष्पत्ती

सांबऱ्याला ३:५० ला वारा उलटून पूर्वेकडून येऊ लागला. आधी धुळीची भिंत, मग ३८ नॉटपर्यंतचे झोत, मग थोडा पाऊस आणि गारा. ती सरळ आली असती तर ३:५५ च्या सुमाराला, त्याच धुळीत, पट्टी शोधत असती. अर्ध्या तासात बाहेर चक्क ऊन पडले.

ऊन पडले म्हटल्यावर मुलांत कुजबुज झाली, की अर्धा तास थांबली असती तर घरी आली असती. त्यावर पुढचा तपशील सांगावा लागतो. सांबऱ्यावरून पश्चिमेकडे पसरलेली गार हवा समुद्रावरून येणाऱ्या ओल्या वाऱ्याला जाऊन भिडली आणि साडेचारच्या सुमाराला नवा ढग उभा राहिला तो काकतीच्या पश्चिमेला, चंदगडच्या वाटेवर. मघाशी जिथे उजेड दिसत होता, तिथेच. वळसा घेऊन आलेले किंवा थांबून उशिरा निघालेले विमान या दुसऱ्या ढगाच्या दारात पोचले असते. एका वळिवाच्या पोटातून दुसरा निघतो, तो असा.

विमान रात्रभर कोल्हापूरला राहिले. बांधायला दोर विमानात नव्हते. तिथल्या कर्मचाऱ्यांकडून मागून घ्यावे लागले. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण रात्री कोल्हापूरलाही वारा सुटला होता आणि न बांधलेले हलके विमान उभ्या उभ्या उलटते. मुलगी नातेवाइकांकडे राहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, स्वच्छ हवेत, घरी आली.

काय वेगळे करता आले असते

वर्गात सगळी चर्चा हत्तरगीवरच्या वळणाची होते. मला ते वळण दुय्यम वाटते. महत्त्वाचा निर्णय साडेबाराला व्हायला हवा होता, आणि तो झालाच नाही.

सकाळी आठला प्रशिक्षकांनी हवामान बघून होकार दिला. तो होकार साडेआठच्या उड्डाणाला होता. विमान दुरुस्त होऊन आले तेव्हा कोणी नवा निर्णय घेतला नाही, जुनाच पुढे सरकला. सकाळी "दुपारनंतर मेघगर्जना" हे वाक्य या उड्डाणाला लागू नव्हते, कारण ती अकराच्या आत परतणार होती. १:४० ला तेच वाक्य थेट तिच्यावर लिहिलेले होते. पत्रकातले अक्षर बदलले नव्हते, घड्याळ बदलले होते. माझ्या मते साडेबाराला उड्डाण दुसऱ्या सकाळवर ढकलायला हवे होते. त्या आठवड्यात प्रशिक्षकांच्या हाताखाली मुले जास्त होती आणि विमाने कमी, हे मला माहीत आहे. तरीही.

त्यांनी घालून दिलेली संकेश्वरची रेषा मात्र फार मोलाची होती. तिने ती तीन मिनिटे उशिरा पाळली, पण रेषाच नसती तर प्रवासी विमानाचा आवाज ऐकूनही ती कदाचित काकतीपर्यंत पुढे गेली असती. या रेषेत एक सुधारणा सुचते. अटी दोन ठेवल्या तर मन त्यांची बेरीज करते, म्हणून एकच ठेवावी. वळिवाच्या दिवसांत ती वीज असावी, कारण ती डोळ्यांना दिसते आणि तिच्यासाठी कोणाला विचारावे लागत नाही. वाऱ्याचा आकडा विमानतळावरचा असतो, धोका त्याच्या अलीकडे असतो. जोरदार वादळापासून निदान २० सागरी मैल दूर राहावे असे वैमानिकांना सांगितले जाते. संकेश्वर ते सांबरा अंतर २५ आहे. हिशेब तिथेच संपतो.

निरीक्षणातली वेळ ही वेगळीच डोकेदुखी. ती जागतिक वेळेत असते, तिच्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. नऊचे निरीक्षण म्हणजे दुपारचे अडीच. घाईत मुले कधी कधी तासाभरापूर्वीचे पान ताजे समजून वाचतात. तिने ते बरोबर वाचले होते, फक्त आधीच्या निरीक्षणाशी ताडून पाहिले नव्हते. दोन निरीक्षणे शेजारी ठेवली असती तर फिरलेला वारा आणि चढलेला दवबिंदू आपोआप दिसला असता. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे, विजेची सूचना देणारे दामिनी अॅप तिच्या फोनवर होते, तेही उघडले गेले नाही.

राहिला मामांचा फोन. त्याला फार मोठे करू नये. भट्टीवाले ताडपत्री घालतात तेव्हा निम्म्या वेळा पाऊस पडतच नाही, कच्ची वीट भिजण्यापेक्षा फुकटची धावपळ परवडते. पण त्या घडीला, विमानतळाच्या पूर्वेला काय चालले आहे हे डोळ्यांनी बघणारा तो एकटा माणूस होता, आणि त्याची खबर उपग्रहचित्रापेक्षा ताजी होती. ती प्रशिक्षकांच्या कानावर गेली असती तर त्यांनी टॉवरला फोन करून पूर्वेकडे बघायला सांगितले असते. तेवढे पुरे होते.

या प्रकरणानंतर तिथे दोन गोष्टी बदलल्या. प्रत्येक विमानात बांधायचे दोर आणि खुंट्या आल्या. आणि उड्डाण तासाभराहून जास्त पुढे ढकलले गेले तर फळ्यावरचा होकार पुसून हवामान पुन्हा बघायचे ठरले. हे दुसरे काम कोणाचे, यावर मात्र अजून वाद चालू आहे. प्रशिक्षक म्हणतात, विमानाची जबाबदारी घेणाऱ्या विद्यार्थ्याने ते करावे, नाहीतर तो शिकणार कधी. मी म्हणतो, ज्याला तास काढायचे आहेत त्याच्याच हातात पुसणी देऊ नये. सध्या ज्याची पाळी असेल तो पुसतो, आणि मेच्या गर्दीत एखाद्या दिवशी कोणीच पुसत नाही.